दोर नेण्याची पाळी

मी, लीलँड बील, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेवंडी धरण्याचा, राहणार हॅलीज कोव्ह, मेन राज्य, पूर्ण शुद्धीत व समजून-उमजून हे मृत्युपत्र करीत आहे. कोणाचा दबाव नाही. गुडघे सोडले तर प्रकृतीही ठणठणीत आहे. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. दोन्हींत मी एक गोष्ट लपवली होती.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी पत्नी लिबी हिला, विनाअट. पुढील मजकूर वाचून घर नकोसे झाले तर तिने ते खुशाल विकावे.

२. बोट व सगळे पिंजरे कन्या नॅडीन हिला. अट एकच : आधी पोहायला शिकावे. पंचेचाळीस वर्षांची आहे, हसेल. आमच्या किनाऱ्यावर कोणी पोहायला शिकत नाही. पाणी इतके गार, की पोहता येणाऱ्याला मरायला फक्त जास्त वेळ लागतो, असे माझे वडील म्हणत. मी ते ऐकले, आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली.

३. धाकटा भाऊ व्हर्जिल याला माझा धारदार सुरा द्यावा. १९६१ साली माझ्या समुद्रात सोडलेल्या चाळीस पिंजऱ्यांचे दोर त्याने कापले, त्या कामी उपयोगी पडेल. एकदा तोंडाने कबूल केले असते तर बोटीत वाटा दिला असता. कबुलीचा आग्रह मी धरावा, हेही नवलच.

४. माझी युद्धातील पदके नेब्रास्कात लिबीच्या माहेरी पाठवावीत. कारण असे.

मी पायदळ उतरवणाऱ्या बोटीवर खलाशी होतो. आम्ही पंचवीसजण, पोटात दोनशे शिपाई. बोट वाळूला टेकली की पुढच्या दोन्ही बाजूंच्या शिड्या खाली सोडायच्या आणि एकाने दोर घेऊन पोहत किनारा गाठायचा. पाठीवर ओझे असलेले शिपाई तो दोर धरून खोल पाण्यातून पार होत. इंग्लंडमध्ये सराव चालू असताना कप्तानांनी माझा धंदा विचारला आणि म्हणाले, "मग दोर तुझा! माशाच्या पोराला पोहायला काय शिकवायचं?" सगळे हसले. मीही हसलो. मला पोहता येत नाही, हे एक वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही.

सहा जून १९४४, फ्रान्सचा किनारा. शिड्या खाली गेल्या. कप्तान ओरडले, "बील, दोर!" मी कठडा घट्ट धरला. "साहेब, पायात गोळा आलाय!" शेजारी एमिल हावरानेक होता, नेब्रास्कातला मका पिकवणाऱ्यांचा मुलगा, समुद्र विसाव्या वर्षी पाहिलेला. त्याने दोराचे टोक माझ्या हातातून घेतले. "दे इकडे, लेका. आमच्या गावतळ्यात काय नुसती गुरंच पोहतात?" तो पार पोहोचला. कमरेइतक्या पाण्यात दोर ताणून उभा राहिला. एकशे एकोणनव्वद शिपाई त्या दोराने किनाऱ्याला लागले, मग त्याला गोळी लागली. मी आधीच खरे बोललो असतो तरी कदाचित त्यालाच नेमले असते, अशी मी मनाची समजूत घालत आलो. पन्नास वर्षांत ती एकदाही पटली नाही.

युद्ध संपल्यावर खरे सांगायला म्हणून त्याच्या घरी गेलो. आईने जर्दाळूचे गोड पाव पुढे ठेवले. "निघताना मी त्याला बजावलं होतं, दुसऱ्याच्या वाटची कामं अंगावर घेऊ नकोस म्हणून," ती म्हणाली. "त्याचीच पाळी होती ना रे?"

"होय," मी म्हणालो.

त्या माउलीचा चेहरा निवळला. सात महिन्यांनी त्याच घरात लिबीशी, म्हणजे एमिलच्या बहिणीशी, माझे लग्न झाले.

५. इतके लिहिले आणि सहीला हात उठेना. मी मेल्यावर वकिलांनी हे लिबीला वाचून दाखवायचे, म्हणजे पुन्हा माझ्या वाटचे काम दुसऱ्यानेच करायचे. कागद घेऊन लिबीकडे गेलो. ती बटाटे सोलत होती. सगळे सांगितले.

"आई होती तोवर तरी सांगायचंस," ती म्हणाली. "मरेपर्यंत शेजारणींना सांगत होती, माझ्या एमिलची पाळी होती म्हणून."

"भीती वाटली."

"कसली?"

"तू जाशील याची."

"गेले असते की राहिले असते, ते मी ठरवायचं होतं. तेही तूच ठरवलंस."

ती नॅडीनकडे गेली, त्याला आज नऊ दिवस झाले. घर फार मोठे वाटते.

६. दफनभूमीत आम्हा दोघांच्या नावांचा दगड उभा आहे. दोन्ही नावांपुढे फक्त मृत्यूची तारीख कोरायची राहिली आहे. ती म्हणेल तर तिचे नाव घासून काढावे आणि तिला नेब्रास्कात आईशेजारी जागा द्यावी. याबाबतीत तिचाच शब्द अखेरचा. माझी इच्छा काय होती, हे तिला कोणी सांगू नये.

(सही) लीलँड बील
हॅलीज कोव्ह, १४ ऑक्टोबर १९९७

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली. सही करणारा भानावर होता.
साक्षीदार : ॲव्हिस क्रॉली, टपाल कचेरी
साक्षीदार : डॉनल्ड फे, बोट दुरुस्ती