गेटवरची भरती

अण्णा, लॅबमध्ये स्लाइडवरच्या पेशी मोजायला बसले की अजून मला बजाजनगरच्या आपल्या खोलीतला ओटा दिसतो. तुम्ही कंपनीच्या गेटवरून पहिली पाळी करून आलाय, खाकी शर्ट खुंटीला अडकवून भाकरी खाताय, आणि मी परीक्षेसाठी पांढऱ्या पेशींची नावं घोकतेय, चुकतेय. "नावं ऱ्हाऊ दे, कामं सांग," तुम्ही म्हणालात. मी सांगितली, तर तुम्ही एकेकीला कंपनीत नोकरीलाच लावलं. जंतू घुसला की आधी धावून तिथंच मरणारी न्यूट्रोफिल म्हणजे वॉचमन, "म्हंजी मीच." एकदा आलेला चोर कित्येक वर्षांनी ओळखणारी लिम्फोसाइट रजिस्टरवाली. मेलेलं गिळून साफ करणारी मोनोसाइट झाडूवाली. इओसिनोफिल जंतांच्या मागावर, आणि क्वचितच दिसणारी बेसोफिल भोंगा वाजवणारी. त्या पेपरात मी तुमच्या जिवावर पास झाले.

पुढं मला नोकरी लागली आणि तुमचा ताप हटेना. रक्त मीच काढलं, स्लाइडही मीच रंगवली. बघावं तिथं पांढऱ्या पेशी, पण सगळ्या एकसारख्या, मोठ्या, कच्च्या. वॉचमन शोधूनही सापडेना. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर कॅन्सरचा शेरा लिहिला, मी तो रिपोर्ट पर्समध्ये घडी करून ठेवला. घरी तुम्ही विचारलंत, "काय निघालं?" मी म्हणाले, "पांढऱ्या पेशी वाढल्यात." तुमचा चेहरा खुलला. "भरती झाली म्हण की. लई बेस झालं." शेजारीपाजारी सांगून आलात. मी भित्री, तुमची चूक सुधारली नाही. डॉक्टरांनाही गळ घातली, नुसतं इन्फेक्शन म्हणा म्हणून.

शेवटी वॉर्डात तुमच्या तोंडात फोड आले होते, पाण्याचा घोट उतरत नव्हता. दुपारी तुम्ही हळूच म्हणता, "पोरी, भरती लई झाली, पण नव्या पोरांना दंडुका धरता येत नाय. गेटवर कुणीच नाय बघ." आणि माझ्याकडं बघत राहता. मी म्हणते, "झोपा अण्णा," आणि नीटच असलेली चादर पुन्हा नीट करते.

तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं, ते मला माहीत नाही. मला बोलता यावं म्हणून तुम्ही विषय काढून दिलात, एवढं मात्र तेव्हाच कळलं होतं. अण्णा, तुम्हाला रक्ताचा कॅन्सर होता. एवढंच सांगायचं होतं. हा कागदही मी आता घडी करून पर्समध्येच ठेवणार आहे.