शेपटीखालचं चाक

सर, ज्या दुपारी तुम्ही लाकडी विमानाची खीळ मागच्या भोकातून उपसून पुढच्या भोकात ठोकली, त्या दुपारी माझं सगळं बदललं. तेव्हा मात्र तुमचा असा राग आला होता की उठून चालू लागावं. कॉलेज मी तसंच सोडलं होतं. दुसऱ्या वर्षात, प्रोफेसरांशी भांडून, भर वर्गातून. आणि त्याच वर्गातली ती मुलगी काही केल्या डोक्यातून जात नव्हती. तिचे बाबा मला म्हणाले होते, "कॉलेज सोडलं, आता म्हने विमान उडवतो! आधी जमिनीवर पाय ठेव गा, मंग पोरीचं पाहू." म्हणून मला लायसन हवं होतं, आणि लवकर हवं होतं.

फ्लाइंग क्लबच्या शेडमधलं तुमचं ते लाकडी विमान. लकडगंजच्या लाकूडबाजारातून आणलेल्या फळ्यांचं खोकं, आत खुर्ची, पायाशी आडवी पट्टी, आणि सगळं एका हातगाडीवर, एका खिळीभोवती फिरणारं. खऱ्या विमानाआधी प्रत्येकानं यात बसायचं. दोघं गाडी पळवत नेतात, तुम्ही "उतरलं!" म्हणून ओरडता, ते गाडी रोखतात, आणि आतल्यानं पट्टी दाबून नाक सरळ ठेवायचं. खीळ खुर्चीमागे असली की खोकं नव्या विमानासारखं वागायचं, नाकाखाली चाक असलेल्या; आपोआप सरळ व्हायचं. खीळ पुढे घेतली की वजन सगळं मागे. मग ते क्लबच्या जुन्या विमानासारखं वागायचं, शेपटीखाली चाक असलेल्या. जरा दुर्लक्ष झालं की शेपूट पुढे यायला बघायची. कुणी कशावर शिकायचं, ते ज्यानं त्यानं निवडायचं.

"सर, मले नाकवालंच द्या. लवकर होते."

"घाई काहून आहे तुले?"

"तुम्हाले काय करायचं आहे?" मी ओरडलोच.

तुम्ही हातोडी घेतली, खीळ पुढे ठोकली आणि म्हणालात, "बस." गाडी पळते, थांबते, नाक डावीकडे सरकतं. ते उजवीकडे आणायला मी डावा पाय रेटतो. सायकलचं हँडल असंच चालतं ना, डावा हात पुढे गेला की चाक उजवीकडे. विमानात नेमकं उलटं, डावा पाय दाबला की नाक डावीकडेच. खोकं गरकन फिरलं, मी आत आडवा. गाडी ढकलणारे दोघे मित्र हसून लोळले. "अबे, लग्नाच्या आधीच फेरे घेऊन राहिला हा!" तुम्ही हसला नाहीत. "सायकलवाले सारेच पहिले हेच करतात," तुम्ही म्हणालात. "नाकवालं तुले माफ करते, म्हनून तुझा पाय शिकत नाही. आता तूच सांग, कोनतं?" मी तणतणत पुन्हा त्यातच बसलो. तो सगळा उन्हाळा बसलो. हळूहळू डोक्याच्या आधी पाय हलायला लागले.

तुम्ही गेलात त्याला आता सहा-सात वर्षं होतील. उड्डाणाचे तास जमवता जमवता लायसन मिळालं, नोकरी नाही मिळाली. ती आता उमरेडला शाळेत शिकवते, आलेली स्थळं परत पाठवते आणि मला म्हणते, "तू फक्त चिडू नको. मी आहो ना." आता कपाशीवर विमानातून औषध फवारणाऱ्या एका कंपनीला वैमानिक हवा आहे. आज सकाळी चाचणी. जमली तर नोकरी, आणि नोकरी असली तर तिच्या बाबांसमोर उभं राहायला तोंड. फवारणीची विमानं शेताकडेच्या कच्च्या पट्टीवर उतरतात, शेपटीखाली चाकवाली. तरी काल कंपनीचे साहेब म्हणाले, चाचणी कशावर द्यायची ते तुम्ही ठरवा, नाकवालंही चालेल, बाकीचं नंतर शिकवू. मी पटकन म्हणालो, शेपटीवालं.

सर, हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते बरंच आहे. तुमच्या तोंडावर हे बोलायची हिंमत झाली नसती. काल उत्तर देताना तुमची शिकवण आठवली नाही मला. तिचा चेहरा आठवला. वाटलं, सोपं मागितलं तर तिला काय सांगू? बाहेर उजाडलं आहे, वाराही पडला आहे. कागद उशीखाली सारतो, बुटाची नाडी आवळतो. निघतो, आणि दार लावून घेतो.