गूळ विरघळेपर्यंत

१२ ऑक्टोबर, तिसगाव
पोचलो. एसटीने उतरवलं म्हणणं हे सौजन्य. पायरीवरून टाकलं आणि उजवा खांदा निखळला. पण दैवाची सोय पाहा, खोली घेतली होती ती नेमकी हाडवैद्याकडे. काकासाहेब सत्तरीचे, हात लोण्याचे. जिभेवर गुळाचा खडा ठेवला, नाडी धरली, म्हणाले, पाव्हणं, गूळ इरघळंस्तवर वरडायचं न्हाई. खडा निम्मा व्हायच्या आत खांदा जागेवर! वर दंडाभोवती पट्टा बांधला. पन्नाशीत पहिल्यांदाच कुणी माझं तोंड बंद ठेवलं.

१३ ऑक्टोबर
आता कामाचं. समुद्रापलीकडच्या एका देशातला हुकूमशहा पडला. त्याच्या तुरुंगातल्या छळाचा खटला युरोपातल्या कोर्टात उभा आहे. गुन्हा एकीकडचा, आरोपी दुसरीकडचा, न्यायाधीश तिसरीकडचे. ‘वसुधैव कुटुंबकम्’ आपण लग्नपत्रिकेवर छापतो. त्यांनी फौजदारी कायद्यात घातलं. तुरुंगाचा डॉक्टर भारतीय होता, नाव खोटं. त्याला शोधायला खटल्याच्या वकिलांनी मला पाठवलंय. हाती फक्त त्याचं एक पत्र, पोस्टाचा शिक्का तिसगावचा. तो सापडला का, हे मी शुक्रवारी अकरा वाजता वकिलांना व्हिडिओवर सांगायचं. गावातला कुणी डॉक्टर परदेशी होता का, काकासाहेबांना विचारलं. म्हणाले, आमी नगरच्या फुडं गेलो न्हाई.

१४ ऑक्टोबर
त्या तुरुंगातल्या कैद्यांच्या साक्षी मेलवर आल्या. नऊ माणसं, एकमेकांना न ओळखणारी. डॉक्टर आवाज चढवत नसे. जिभेवर तपकिरी गोड खडा ठेवी, नाडी धरी, मग पहारेकऱ्यांना खूण करी. खडा विरघळेपर्यंत थांबायचं नाही. विरघळला की दुसरा.
हे वाचलं तेव्हा हातात काकासाहेबांनी दिलेला गुळाचा चहा होता. तो पिऊन टाकला. काही वाटलं नाही, एवढी नोंद करतो.

१५ ऑक्टोबर
काकासाहेबांवरचा संशय एकट्याने पेलवेना, म्हणून स्वयंपाकाला येणाऱ्या बायडाबाईंना सांगून बसलो. त्या दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार. मोडका गुडघा काकासाहेबांनीच उभा केलेला. भाकरी थापायचं थांबल्या नाहीत. म्हणाल्या, माजा गुडगा काय तुमचं कोरट बशिवनार हाय व्हय? मग म्हणाल्या, मानसाला तोंडावर इचारावं, पाठीमागं न्हाई. नको म्हणेपर्यंत विचारायला गेल्यासुद्धा.
दुपारी काकासाहेब आले. रागावले नाहीत. पट्टा सैल झालाया म्हणाले, आवळून गेले.
बोटं बधिर.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार सकाळ
डाव्या हाताने लिहितोय. उजवा माझा वाटत नाही. पट्टा सुटत नाही, गाठ पाठीमागे. दाराला बाहेरून कडी.
लॅपटॉप चालू. अकराला वीस मिनिटं.

कडी निघाली. काकासाहेब. मागे बायडाबाई, आणखी चौघं, त्यांनीच बरे केलेले. मायेने धरलंय मला, खांदा हलू नये म्हणून. बायडाबाई म्हणतात, उगी, लई दुखनार न्हाई.

जिभेवर खडा. नाडी धरलीय. आज काकासाहेबांची भाषा एकदम शुद्ध — नाडी एकशे दहा, अजून सोसेल. मला म्हणतात, लिहीत राहा, बोटं कुठवर चालतात ते कळेल.

लिहितो. हाच तो डॉक्टर. वाचणाऱ्याने कोर्टाला —

खडा निम्मा.

अकरा. स्क्रीनवर वकीलबाई माझं नाव — तोंड उघडलं तर — गोड —

संपला. ते दुसरा