आनंदी बसायला शिकली

कटंगी, जि. बालाघाट
रविवार, १५ डिसेंबर २०२४

प्रिय ज्योत्स्ना,

सप्रेम नमस्कार. नागपुरात आता तुझं बस्तान बसलं असेल, सासूबाईंचा गुडघाही बरा असेल. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. पोरं अकरा वाजेपर्यंत उन्हातून उठायला तयार नसतात. बालाघाटला माझी आई बरी आहे. दिवसभर हिंदीत शिकवून माझं मराठी लिहिणं पार बिघडलंय, तेव्हा चुका पोटात घाल.

फोन असताना पत्र काहून, असं तुला वाटेल. तू फोनवर "आनंदी कशी आहे?" विचारतेस, मी "मस्त" म्हणते, आणि आपण दुसऱ्या विषयावर जातो. कागदावर तसं निसटता येत नाही, म्हणून.

दिव्यांग मुलांसाठी शाळेत रॅम्प झाला. कठडा अजून व्हायचा आहे. आनंदीला त्याचा काय उपयोग? तिचे पाय हरणाचे, ती त्यावरून धावतच खाली येते. पहिली ते पाचवी मिळून अडतीस मुलं आहेत. चैतराम सर हेडमास्तर, त्यांचा दिवस बैठकांत आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. म्हणजे अडतीसही माझ्याकडेच. तू अशा मुलांची खास शिक्षिका, दर मंगळवारी येऊन तिच्याजवळ बसायचीस. जुलैत गेलीस, त्यानंतर तुझ्या जागी कोणी आलेलं नाही. तू करून दिलेली चित्रांची कार्डं मी महिनाभर वापरली. मग पाचवीचे भागाकार मागे पडले, आणि कार्डं कपाटात गेली.

घंटा वाजली किंवा कोणी ओरडलं की ती कान दाबून पळते, हे तुला माहीत आहे. नोव्हेंबरात धान निघालं आणि शाळेसमोरच्या सडकेवर राइस मिलचे ट्रक सुरू झाले. एके दिवशी मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. मागून पोरं ओरडली, "मॅडम, आनंदी!" मी बाहेर पोचले तोवर ती सडकेच्या मधोमध. ट्रकने ब्रेक मारला तो तिच्यापासून हातभर अंतरावर. ड्रायव्हर खाली उतरला. म्हणाला, "मॅडम, बच्ची नहीं संभलती तो बाँध के रखो!"

मी तिला उचलून आत आणलं. ती माझ्या कानातल्याशी खेळत हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढणीने बांधलं.

लिहिलं एकदाचं. एक टोक डाव्या मनगटाला, दुसरं खिडकीच्या गजाला. गाठ सैल होती. तासाभरापुरती. तो एकच दिवस.

आता त्या फोटोबद्दल. पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याचे साहेब शाळा बघायला आले होते, तेव्हाचा फोटो चैतराम सरांनी ग्रुपवर टाकला. आनंदी पहिल्या रांगेत, खिडकीशी, सगळ्यांत शांत. साहेब म्हणाले, "देखिए, सबके साथ कितनी अच्छी बैठी है।" त्यावर तू मला लिहिलंस, "नूतन, तू करून दाखवलंस. मला रडूच आलं." फोटोत तिचा डावा हात दिसत नाही. तो पाठीमागे आहे. ओढणी दिसू नये म्हणून मी खिडकीला टेकून उभी राहिले होते.

म्हणजे एकच दिवस हे खोटं. अकरा दिवस, ज्योत्स्ना. तासाभरापुरती हेही खोटं. प्रार्थनेपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत, आणि जेवणानंतर पुन्हा. त्या अकरा दिवसांत माझे भागाकार पूर्ण झाले. वर्ग शांत असायचा. मला बरं वाटत होतं. पोरांनी पहिल्या दिवशी टक लावून बघितलं, तिसऱ्या दिवसापासून बघणंच सोडलं. चौथीतली श्रिया तर गाठ सुटायला आली की स्वतः उठून सांगायची, "मॅडम, खुल रहा है।" मी तिला शाबासकी दिली. हे मी केलं.

अकराव्या दिवशी आनंदीची आजी आली. गोदाबाई. पोरीचे आईबाप वर्षभर कामाला बाहेर, घरी या दोघीच. दोन वर्षांपूर्वी आपण त्यांच्या घरी गेलो तेव्हा आनंदी खाटेच्या पायाला बांधलेली होती. दोरी तू सोडलीस. "आजी, शाळेत कोणी बांधत नाही," असंही तूच म्हणालीस, आणि मी शेजारी उभी राहून मान हलवली होती.

गोदाबाईंनी दारातून ओढणी पाहिली. मला वाटलं, आता ओरडतील, गाव गोळा करतील. खरं सांगू? ओरडल्या असत्या तर मी सुटले असते. त्या आत आल्या, गाठ चाचपली आणि म्हणाल्या, "बरं केलं बाई. घरी मी बी बांधूनच ठेवतो."

"आजी, माझं चुकलं," मी म्हणाले. "मी हे वर कळवणार आहे."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "नोको वो माय! तुले काढतीन, अन् मंग हिले कोन घेईन? हिचं नाव नोको काटू. इथं चार लेकरांत त बसते. मी वावरात गेली का घरी एकलीच राह्यते."

चैतराम सरांनाही सांगितलं. माणूस वाईट नाही. दार लोटून हळूच म्हणाले, "मॅडम, कागद करू नका. कागद झाला की पहिले पोरीचं नाव जाईल, मग तुमचं."

कागद मी लिहिला आहे. सही केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ओढणी न घेता शाळेत गेले. आनंदी आली, आपल्या जागेवर बसली. मी हजेरी घेत होते. तिने आपणहून डावा हात मागे नेला, मनगट गजाला टेकवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी जवळ जाऊन तिचा हात पुढे घेतला. तिने परत मागे नेला. मी पुन्हा घेतला. तिने पुन्हा नेला.

हिला काही शिकवताच येत नाही, असं सगळे म्हणायचे. हे तिला मी अकरा दिवसांत शिकवलं.

त्याला आता दोन आठवडे झाले. डाव्या हातात तिचा हात, उजव्या हातात खडू, असा वर्ग चालतो. एका हाताने वह्या तपासता येत नाहीत. पहिलीतल्या लहानग्यांकडे दिवसदिवस बघणं होत नाही, त्यांच्या आया विचारू लागल्या आहेत. शुक्रवारी ती दोनदा हातातून निसटली. दुसऱ्यांदा फाटकाबाहेर सापडली. काल सकाळी मी ओढणी घडी करून शाळेच्या पिशवीत ठेवली. काढली. परत ठेवली. आत्ता ती पिशवीतच आहे, आणि उद्या सोमवार आहे.

माफी मागायला लिहीत नाही. गोदाबाईंनी दिली तेवढीच मला पेलत नाही. तू रागाव, बोलणं तोड, पण त्याआधी एक सांग. अडतीस पोरं, एक बाई आणि पुढ्यात सडक. पोरगी पळाली तर न बांधता काय करायचं? तुला येत होतं ते. मी बघत होते, पण शिकून घेतलं नाही. लिहून कळणारं नसेल तर एक दिवस ये. आनंदीसाठी ये.

पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल. त्या दिवशी मी काय केलं, ते मला विचार. जे केलं असेल तेच सांगेन.

तुझी,
नूतन