सहा आकडे

प्रिय सन्मती,

पत्र बघून दचकू नकोस. आप्पा बरे आहेत. गुडघे सोडले तर तुझ्या वडिलांच्या तब्येतीला नाव ठेवायला जागा नाही. बेदाण्याचा कंटेनरही बुधवारी सांगलीतून निघाला.

गेल्या आठवड्यात मी साताऱ्याला होते. छोटे उद्योग करणाऱ्या बायकांना डिजिटल सही शिकवायला हल्ली मलाच बोलावतात. परदेशी गिऱ्हाइकाला कागद पाठवताना सही कशी करायची, ती आपलीच आहे हे त्याला कसं पटतं, सगळं समजावलं. शेवटी नेहमीसारखं बजावलं, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. वाईच्या तानुबाई हळदीची पूड विकतात, त्या म्हणाल्या, "आन् मालकास्नी बी न्हाई सांगायचा व्हय?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

कारण तीन वर्षं मी तेच करत आलेय. तू मस्कतला गेलास तेव्हा आपल्या फर्मची डिजिटल सही तुझ्या नावावर होती आणि नंबर माझा दिलेला. तू तिकडे सही करायला बसलास की ओटीपी इथं माझ्या फोनवर यायचा आणि तो विचारायला तुझा फोन. सुरुवातीला आकडे राहायचे बाजूला, अर्धा तास बोलत बसायचो आपण. मग दहा मिनिटं. मग नुसतं, "हं, सांग." मी सहा आकडे सांगताना मध्ये थांबायचे, तेवढाच तू जास्त वेळ फोनवर राहावास म्हणून. फोन ठेवला की आप्पा विचारायचे, "काय म्हनलं गं पोरगं?" मी सांगायचे, तुमची चौकशी करत होता. गेल्या वर्षभरात एकदाही केली नाहीस तू.

जानेवारीत लॉगिन बंद पडलं आणि माल एक जहाज उशिरा गेला, तेव्हा तू साइटला शिव्या घातल्यास. साइटचा दोष नव्हता. शेवटचे दोन आकडे मी मुद्दाम उलटे सांगितले होते. चुकलं की तू पुन्हा फोन करायचास ना, म्हणून. आधी दोन-चारदा केलं होतं, खपून गेलं. त्या दिवशी तुझा दुसरा फोन आला आणि मागून एका बाईचा आवाज ऐकू आला, "ताट वाढलंय, ये ना." त्यानंतर मला स्क्रीनवरचे आकडेच दिसेनात. काय सांगितलं तेही आठवत नाही; आकडे चुकत राहिले आणि लॉगिन बंद पडलं. तुला मी कधी विचारलं नाही. विचारलं तर पुढच्या सहीलाही तुझा फोन येणार नाही, या भीतीनं गप्प बसले. माझी मलाच लाज वाटते.

आज सकाळी सहीच्या खात्यावरचा माझा नंबर काढून तुझा मस्कतचा घातला. परदेशातला नंबर चालतो, कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून ओळख पटवायची, हे त्या बायकांना मीच शिकवून आले. तुला लिंक येईल, तेवढं पुरं कर. बदलासाठी आलेला शेवटचा ओटीपी माझा मीच भरला. यापुढं सहीसाठी तुला मला फोन करावा लागणार नाही. एक फोन मात्र कर, आप्पांना. ती कोण, हे त्यांना तूच सांग. मला त्यांच्याशी आणखी खोटं बोलवत नाही.

अजून तरी तुझीच,
रूपाली