श्रूजबरीचा बेल

श्रूजबरी, २५ जुलै २०२५

ती. ताईस शोभाचा सा. न. वि. वि.

पत्र कशाला, फोन कर, म्हणशील. पण इथे फोन लावला की माझा राजस स्पीकर चालू करतो आणि सगळं घर ऐकत बसतं. मनातलं काही बोलताच येत नाही बाई.

श्रावण लागला आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. सोमवारी महादेवाला या परदेशात बेल कुठून आणू? इंडियन स्टोअरमध्ये विचारलं, तर तिथल्या पोराने बेलाच्या सरबताची बाटली हातात ठेवली! त्यात तीन तारखेला निधीच्या स्काउटची फॅमिली हाइक, म्हणजे घरच्यांसकट रानातली पायपीट. नऊ वर्षांची माझी नात, पण यंदा वाट दाखवायचं काम तिच्याकडे आलंय. गळ्यात शिट्टी अडकवून घरभर फिरते आणि आपल्या आईबापांना, राजस-अदितीला, आणि मला सूचना देते: पायवाट सोडायची नाही, काही तोडायचं नाही, कचरा परत आणायचा. मला रानाची धास्ती वाटते आणि घरी एकटीला बसवत नाही. काय करू, लवकर लिही.

लोभ असू दे, भांडणासकट.

तुझी शोभा

ईडन प्रेरी, २९ जुलै

चि. शोभास अनेक आशीर्वाद.

अगं, किती घाबरशील! लहानपणीही अंगणातल्या बेडकाला भिऊन माझ्यामागे लपायचीस. जा खुशाल, फक्त चपला घालून नको. अदितीचे बूट येतील तुला.

आणि बेलाचं काय घेऊन बसलीस? तीन पानं एकत्र दिसली की घे तोडून. भोळा सांब तो, पानाची जात विचारणार आहे थोडाच? मी इथे मेपलची पानंसुद्धा वाहिली, काही बिघडलं नाही. केदार मात्र आईला हसतो मेला.

जपून राहा, आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी ताई

श्रूजबरी, ७ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, कारण बोटांना पट्ट्या आहेत. तुझं ऐकलं आणि हात पोळून घेतले!

हाइकला वाटेच्या कडेला तीन-तीन पानांची हिरवीगार वेल दिसली. मला वाटलं, महादेवच पावला. वाकून ओंजळभर तोडली. निधीने पुढून पाहिलं, जोरात शिट्टी फुंकली आणि ओरडली की आजी, टाक ते, हात लावू नकोस. सगळ्या मुली आणि त्यांचे आईबाप बघत राहिले. मला असा राग आला! नातीने चारचौघांत दटावावं? राजसला म्हटलं, हेच का रे संस्कार? तो तिच्यावर तडकला. ती काहीतरी सांगत होती, पण त्याने ऐकूनच घेतलं नाही, आधी आजीला सॉरी म्हण म्हणाला. तिने म्हटलं. मग शिट्टी काढून दुसऱ्या मुलीला दिली आणि सगळ्यांच्या मागून मुकाट चालत राहिली.

सोमवारी मी ती हट्टाने घरी आणलेली पानं पिंडीवर वाहिली. मंगळवारी हात टरारून फुगले, ही आग! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही पॉयझन आयव्ही, विषारी वेल. इथल्या स्काउटच्या पोरांना आधी तीच ओळखायला शिकवतात म्हणे.

फोडांचं काही नाही गं. निधी मला मलम काढून देते, पाणी देते, पण तोंडातून शब्द नाही. आता स्काउटला जाणार नाही म्हणते, आपलं कोण ऐकतं म्हणे. राजस म्हणतो, विसरेल आपोआप. मला ते पटत नाही आणि घरात बसवतही नाही, नुसत्या येरझाऱ्या घालते.

चुकलेल्या धाकटीवर लोभ ठेव.

तुझी शोभा

ईडन प्रेरी, ११ ऑगस्ट

चि. शोभास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. भलता सल्ला माझाच. महादेवाची काळजी सोड, त्याने हलाहल पचवलंय. काळजी पोरीची कर.

तिला चारचौघांत बोलणी बसली, तर घरात गोडधोड करून भागायचं नाही. आपल्यात मोठी माणसं लहानांची माफी मागत नाहीत, मीही कधी मागितली नाही. तू माग. त्या सगळ्यांसमोर माग.

धीर धर. तुझ्या पाठीशी आहे.

तुझी ताई

श्रूजबरी, १७ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल स्काउटची मीटिंग होती. निधी फक्त आपलं स्काउटचं जाकीट परत करायला आली होती. मी लीडरबाईंना विचारून पुढे उभी राहिले. हात वर करून दाखवले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं की माझी नात बरोबर होती, मी चुकले, आणि वर तिलाच सॉरी म्हणायला लावलं. सॉरी, निधी.

निधी खाली बघत राहिली. राजसही. मला तिथे नुसतं उभं राहवेना. म्हणून आपलं पुढे सांगत सुटले की मुलींनो, या वेलीला तीन पानं असतात आणि बारीक काटे असतात, नीट ओळखून ठेवा. बेलाला असतात ना, मला वाटलं हिलाही असतील!

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, की आजी चुकीचं सांगते आहे, त्या वेलीला काटे मुळीच नसतात. सगळे हसले. राजसने तिला दटावायला तोंड उघडलं. मी डोळे वटारले, तसं त्याने ते मिटून घेतलं. निधी तरातरा पुढे आली, मला बाजूला बसवलं आणि त्या वेलीचं पहिल्यापासून सगळं सांगायला लागली. ताई, किती वेळ बोलत होती पोरगी! आणि कुणीही तिला थांबवलं नाही.

असाच लोभ राहू दे.

तुझी शोभा