ग्रिलभोवती बांधलेला तुझा फोटो

प्रिय भास्कर,

आज पोळ्याची कर, सणाचा दुसरा दिवस, घरोघरी कोंबडीचा. चिखलीला गाडी बदलून सकाळी अमडापूरच्या फाट्यावर उतरले आणि समोर तूच दिसलास. हसत होतास, कपाळाला टिळा, मागे निळं आभाळ. तुझा चेहरा कोंबडीच्या ग्रिलभोवती बांधला होता रे! फ्लेक्सची एक दोरी बाभळीला, दुसरी खांबाला, आणि तुझ्या हनुवटीला टेकून गॅसचं सिलिंडर.

मेलेल्या माणसांना पत्रं लिहीत बसणारी तुझी ही थोरली बहीण नव्हे, तुला ठाऊक आहे. पण बोलू कोणाशी? ज्याच्याशी बोलावं तो म्हणतो, "जाऊ द्या बाई, वरीस झालं आता." म्हणून डोणगावला परतल्यावर आधी कागद घेतला. रागही तुझ्यावरच आहे, तर ऐकायलाही तूच बरा.

हा फ्लेक्स तू पाहिला नाहीस. तू गेल्यावर कृषी केंद्रवाल्या शेटनं छापून आणला. वर तुझा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली त्याच्या दुकानाचं नाव, तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. कोपऱ्यात बीटी बियाण्याचं पाकीट आणि मुठीएवढं पांढरं बोंड. माणूस मेला तिथेही बियाणं विकायचं? तेरवीला दारात तो टांगला तेव्हा लोक म्हणत होते, "शेटनं लय चांगलं केलं." मला इतकी शिसारी आली की त्या दिवशी त्या दारातून न जाता मी मागच्या दारानं ये-जा केली.

आणि बोंडाचं चित्र तुझ्या शेजारी! तुला किती वीट आला होता त्याचा! दिवाळीला आले तेव्हा मला वावरात नेलंस, एक बोंड नखानं उकललंस. आत गुलाबी अळी वळवळत होती आणि सरकी सडून काळी पडली होती. "पाकिटावर लिहेल होतं बाई, अळी लागत नाही म्हणून," तू म्हणालास. "अळीले वाचता येत नसन!" मी हसले, तू मात्र थुंकलास. अख्ख्या शिवाराला तो कुबट वास होता. मला अजून कधी कधी येतो.

तेव्हाच तू ठरवलंस की कापसाच्या भरवशावर राहायचं नाही. चिखलीच्या एका केटररकडून जुनी ग्रिल आणलीस. खाली गॅसचे बर्नर, वर झाकण, आणि मोटरवर गरगर फिरणारी सळई. पहिल्या दिवशी तिच्याजवळ नवरदेवासारखा उभा होतास. सळईवर अख्ख्या कोंबड्या फिरताना आपल्या भागात कोणी पाहिल्या होत्या? लोक मोटरसायकल थांबवून नुसते बघत राहायचे. मसाला तुझ्या बायकोचा, वनिताचा. खरं सांगते, मी तशी कोंबडी दुसरीकडे कुठेही खाल्ली नाही.

पण ती नळी! सिलिंडरपासून ग्रिलपर्यंत तू जी नळी लावली होतीस ती पाहून मी विचारलं, "ही कुठली रे?"

"फवारणीच्या पंपाची," तू म्हणालास. "नवीच हाय. औषध सोसते, गॅस नाही सोसणार काय?"

आणि सगळे हसले. हसणारच, कारण आपल्याकडे फवारणीच्या नळीला नाही म्हणणारं घर कुठे आहे? डिझेल काढायला ती, आंघोळीचं पाणी ओढायला ती, पोरांच्या खेळण्याला ती. कापूस गेला, पंप कोपऱ्यात पडला, पण नळी राहिली. तुझ्याकडे पैसे नव्हते म्हणून नव्हे, गॅसची नळी वेगळी असते हेच तुला पटत नव्हतं. आणि टोकाला क्लिपही नाही, तार आवळलेली!

मी पोरींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. रोज सकाळी शेगडी पेटवायच्या आधी जोडावर साबणाचं पाणी लावते. फुगा आला की समजायचं, गॅस गळतो. तुला दाखवूनही दिलं होतं. तू काय करायचास? आगपेटीची काडी ओढून नळीवरून फिरवायचास! "पेटलं तं गळते, नाही पेटलं तं बरोबर," म्हणायचास. वर मलाच चिडवायचास, "बाई, तू गॅसले सासूवाणी भेतं!" आता सांग, कोणाचं बरोबर होतं?

भोवताली फ्लेक्स बांधायची खोड तेव्हाचीच. बियाणं कंपन्यांचे फ्लेक्स फुकट मिळतात, मग ते गोठ्यावर, न्हाणीला आणि ग्रिललाही. तीन बाजूंनी बांधून तू आत उभा राहायचास. मी म्हटलं, अरे, गॅस जड असतो, खाली साचून राहतो, त्याला वाऱ्यानं निघून जाऊ दे, आणि सिलिंडर तरी लांब ठेव. तर म्हणे, "वारा लागला का कोंबडी कच्ची राह्यते." कोंबडी कच्ची राहिली असती तर काय बिघडलं असतं, भास्कर? कोणी उपाशी मरणार होतं का?

मागच्या करीचं मला वनितानं सांगितलं. सांगताना तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. गिऱ्हाइकांची रांग लागली होती आणि लाईट गेली. मोटर थांबली. सळई थांबली की कोंबडीची चरबी एकाच जागी ठिबकते आणि खालून जाळ उठतो, हे तुला माहीत होतं. बर्नर बंद करून लाईटची वाट पाहायची होती. तू बर्नर बारीक केलास, झाकण लावलंस आणि सळई हातानं फिरवत बसलास. खालून वाऱ्याची झुळूक आली असेल, बर्नर विझला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. गॅस मात्र चालूच, आणि तारेपाशी नळीही गळत असणार. फ्लेक्सच्या आत साचत राहिला. मग लाईट आली, बर्नर विझलेला दिसला आणि तू काडी ओढलीस.

"भप्पकन आवाज झाला," वनिता म्हणाली, "अन् आधी ते बोंड पेटलं." फ्लेक्सवरचं बोंड! नळी वितळली आणि जाळ सिलिंडरपाशी गेला. एका शहाण्यानं बादलीभर पाणी चरबीवर ओतलं, जाळ आणखी उसळला. कोंबडीच्या दुकानातून सलीमभाई धावले, ओलं पोतं टाकलं, रेती टाकली, पोत्यातूनच चाचपत सिलिंडर बंद केलं. त्यांच्या हाताला अजून वळ आहेत. बाकीचे काय करत होते? मोबाईलमध्ये तुला टिपत होते. तुझं जळणं माझ्या शेजारणीच्या फोनवर माझ्या आधी पोचलं होतं.

आणि ह्याहून किळसवाणं पुढे आहे. तुला जीपमध्ये घालून अकोल्याला नेत होते. वनिता घराची किल्ली घ्यायला ग्रिलकडे मागे वळली, तर सळई रिकामी. तुझ्या हातच्या कोंबड्या कोणीतरी काढून नेल्या होत्या! तू अजून जिवंत होतास रे. कण्हत होतास. आणि कोणी तरी तुझी कोंबडी भाकरीसोबत खात होता. कसा उतरला असेल तो घास? गावात कोणाच्याही घरी जेवायला बसले की मला हेच आठवतं आणि ताट सरकवून देते.

मग सगळे म्हणाले, नशीब. तेरवीला, चौकात, बसमध्ये, जो तो नशीब. नशिबाला फवारणीची नळी लागते का? नशीब तारेनं आवळतात का? ह्या शब्दाचा मला इतका तिटकारा आला आहे की कोणी म्हटला की मी उठून जाते. आणि "मी तं भास्करले बोललो होतो," असं म्हणणारेही आता पावलोपावली भेटतात. तेव्हा कुठे होते?

वनितानं उन्हाळ्यात ग्रिल दुरुस्त करून धंदा पुन्हा सुरू केला. त्याबद्दल माझा राग नाही. वावरात अळी परत आहेच, आणि तुझी पोर शाळेत जाते. फोनवर तिनं सांगितलं तेव्हा नळीचं विचारलं, तर विषय बदलला. म्हणून आज चिखलीत उतरून गॅसची नवी नळी आणि क्लिपा घेतल्या होत्या.

"वनिता, हे काय बांधलं?" मी विचारलं.

"वारा लागते ना बाई. दुसरे सारे फ्लेक्स फाटले, हेच एक धड होतं."

"अन् नळी?"

ती कांदा चिरत राहिली. मी वाकून पाहिलं. पिवळी, पंपाची. तार आवळलेली.

"मागची जळून गेली," ती हळूच म्हणाली. "घरी हेच होती."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. रस्त्यावर उभी राहून बोलले, एवढं समज. रांगेतला एक जण म्हणाला, "काऊन कटकट करून राह्यल्या बाई, करीच्या दिवशी? कोंबडी होऊ द्या ना!" मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मागच्या वर्षी ह्याच तोंडानं खाल्ली असेल का? मी आधी सिलिंडर बंद केलं, मग सलीमभाईंच्या ठोकळ्यावरचा सुरा उचलला. गाठी पावसानं भिजून आवळल्या होत्या. फ्लेक्सला सुरा लावला तशी ओरड झाली, "फोटो हाय त्याच्यावर! मेलेल्या माणसाचा फोटो फाडतं काय?"

खरं सांगते, माझा हात थांबला. तुझा हसरा चेहरा माझ्या नाकासमोर होता.

वनिता उठली. हात पुसले, माझ्या हातातला सुरा घेतला. "मले त्यायचं तोंड पाठ हाय," ती म्हणाली आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स चिरत गेली. तुझ्या हसण्यातून, पाकिटातून, बोंडातून, शेटच्या नावातून. एकदाही थांबली नाही. वारा आरपार आला.

मग ती मला म्हणाली, "त्या नळीले साबण लावून दाखवा बरं, बाई." मी भांड्यात साबण कालवला. आजूबाजूला विस्तव नाही हे पाहून तिनं सिलिंडर जरासं उघडलं. तारेपाशी एक फुगा आला. मोठा होत गेला, फुटला, लगेच दुसरा आला. कटकट म्हणणारा मागे सरकला. वनिता त्या फुग्याकडे बघतच राहिली. मीही. अशाच एवढ्याशा फटीतून गेलास तू, भास्कर. शेवग्याची शेंगसुद्धा त्याहून जाड असते.

तिनं सिलिंडर बंद केलं, नळी उपटून नालीत फेकली. नवी लावली, क्लिपा आवळल्या, पुन्हा साबण लावला. फुगा नाही. सिलिंडर लांब उभं केलं, चरबीचा ट्रे रिकामा केला, झाकण उघडं ठेवून आधी काडी धरली आणि मग गॅस सोडला. वाऱ्यात कोंबड्यांना फार वेळ लागला. लोक कुरकुरले, काही निघून गेले. जाऊ देत! दुपारी लाईट गेली तेव्हा वनितानं क्षणभरही विचार न करता बर्नर बंद केला आणि अर्धकच्च्या कोंबड्या झाकून लाईट येईपर्यंत माझ्या शेजारी येऊन बसली. तेव्हा मला रडू आलं, आणि लाजही वाटली नाही.

पहिली झालेली कोंबडी तिनं तुझ्या नावानं बाजूला ठेवली होती. ती मी खाल्ली. तिखट झाली होती, तुला आवडायची तशी. वर्षभरात तुझ्या गावात पोटभर जेवले ती ही पहिली वेळ. तुझ्या वाटचं मी का खाल्लं, हे विचारू नकोस. इथे असतास तर तुझं तूच खाल्लं असतंस.

आता वचन देते. दर करीला मी साबणाचं भांडं घेऊन फाट्यावर येईन. बाकीच्या दिवशी वनिता तपासेल, तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंय. त्या ग्रिलभोवती परत कोणाचाही फ्लेक्स बांधला तर फाडीन, मग त्यावर देवाचा फोटो असो की उद्या माझा. आणि तुला नशिबानं नेलं, असं माझ्यासमोर जो म्हणेल, त्याला हात धरून नालीपाशी नेईन आणि ती पिवळी नळी दाखवीन.

तुझ्यावरचा राग अजून न उतरलेली,

तुझी बाई